साईड बी, दाजी पेठ

बसू हत्तुरेच्या मावसभावाने पुण्याहून आणलेली कॅसेट,
एका रात्रीपुरती.
नाव नाही, कव्हर नाही,
नुसता शाईचा एक डाग, जो आम्ही
कितीतरी दिवस बँडची खूण समजत होतो.

चिलवेरींच्या माळ्यावर दोन टेप समोरासमोर ठेवले,
एक विजेवर, एक सेलवर.
(सेल माझ्या पैशांचे, हे लिहून ठेवते.)
पुरुषोत्तम म्हणाला, आता कुणी शिंकू नका.
आम्ही शिंकलो नाही.
खाली मात्र चार माग चालू होते.

खटक् खट, खटक् खट.
टॉवेलची ऑर्डर होती, थांबणार कसे?
गिटार सुरू झाली तेव्हा वाटलं
कुणीतरी पत्र्यावरून लोखंडी खुर्ची ओढतंय,
मग ती खुर्ची माझ्या छातीवरून ओढली गेली
आणि मी सतरा वर्षांची झाले,
वाढदिवस गड्ड्याच्या जत्रेतच होऊन गेला होता तरी.

आम्हाला इंग्रजी यायचं ते पुस्तकातलं.
हा माणूस तोंडात भात धरून गायचा.
मी देवनागरीत उतरवून घेतलं, ऐकू येईल तसं,
फिजिक्सच्या वहीत, मागच्या पानापासून पुढे.
एका ओळीत मला स्पष्ट 'वांगी' ऐकू यायचं,
पुरुषोत्तमला 'बांगडी'.
आठवडाभर बोललो नाही.

मे महिन्यात, कंबर तलावाच्या काठी,
चौकड्यांचे जाड शर्ट, कोपरापर्यंत घाम,
आणि चेहऱ्यावर, दूर कुठल्यातरी पावसाळी गावाचा
उसना कंटाळा.
त्याने जीन्स गुडघ्यावर ब्लेडने फाडली.
सकाळी ती शिवलेली होती.
आईने नाही, वडिलांनी,
कांडीवरच्या निळ्या सुताने, इतकं बारीक
की कुठे फाडली होती ते सापडेना.
तुटलेलं दिसलं की जोडायचं,
तीस वर्षं तेच करत होती ती बोटं.
पुरुषोत्तम रडला. मी हसले.
दोघांचंही चुकलं.

आणि साईड बीचं तिसरं गाणं.
मध्यावर तो माणूस खचायचा.
आवाज जड होत होत विहिरीत उतरायचा,
ड्रम पाय ओढायचे,
माग गप्प.
त्या काळोखातून, कॅसेटमधून, जिन्याखालून
चिलवेरी काकू:
करंट पोयिंदी!
मग अर्ध्या मिनिटाने, खोलातून वर येत येत
तो पुन्हा गायला लागायचा
आणि माग त्याच्या मागून, एकेक करून.

लाईट गेली होती, एवढंच.
कळत होतं आम्हाला.
तरी ते दुःख आम्ही त्याच्या नावावर मांडलं,
आणि दर वेळी त्या जागी
मान खाली घालून बसलो.

माग भंगारात गेले. माळ्याखाली आता मोबाइल दुरुस्ती.
पुरुषोत्तम सिकंदराबादला,
दिवाळीला फुलबाजीचा फोटो पाठवतो,
दर वर्षी तोच.

परवा लेकीने शोधून काढलं ते गाणं,
मी गुणगुणले तेवढ्यावरून.
स्वच्छ. काच पुसून ठेवल्यासारखं.
वांगी नव्हती त्यात. बांगडीही नव्हती.
मागाविना ड्रम मला लंगडे वाटले,
म्हणून असेल, उखळात शेंगा कुटत होते तो हात
आपोआप पडायला लागला,
खटक् खट, खटक् खट.

मध्य आला.
तो खचला नाही.
सरळ पुढे निघून गेला,
आमच्या दारावरून, ओळख न दाखवता.

माझा हात थांबला.
करंट पोयिंदी, मी म्हणाले,
बऱ्यापैकी मोठ्याने.

लेकीने वर बघितलं.
पंखा फिरत होता.